तिसरा भिडू

'नाद' हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. देवळातल्या घंटेचा नाद असतो, तंबोऱ्याचा नाद असतो, आणि पोरगं पत्त्यांच्या डावाला चिकटलं की त्यालाही नादच लागलेला असतो. गवई नादाची उपासना करतो आणि बाप पोराला 'नादाला लागू नको' म्हणून दम भरतो. एकाच शब्दात पूजाही आहे आणि दटावणीही. भाषेनं हे दोन अर्थ एका घरात नांदवले, त्याला काही कारण असणार. मला वाटतं, जी गोष्ट थांबल्यावरही मनात घुमत राहते तिला आपण नाद म्हणतो. डाव मोडून माणूस घरी येतो, जेवायला बसतो, भाकरीचा तुकडा मोडतो, पण डोक्यात मघाचीच खेळी चालू असते.

मंडळी, आज मला अशा नादाबद्दल बोलायचं आहे. पैसा मिळत नाही, पेपरात नाव छापून येत नाही, अंग कमावलं जात नाही, तरी माणसं एकाच खेळाला वीस-वीस वर्षं धरून राहतात. का राहतात? कुस्तीचं एक समजतं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड आमच्या नांदेड जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? तिथं हलगी आहे, फेटा आहे, इनाम आहे, हजारो डोळे आहेत. पण ज्या खेळाला हलगी नाही आणि बघ्यांची गर्दी नाही, त्याला माणूस कशाच्या आशेनं चिकटतो?

हा प्रश्न संगणक आणि मोबाइल आल्यावर निर्माण झाला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी लेण्यांत, देवळांच्या ओट्यांवर आणि किल्ल्यांच्या फरशीवर खेळांचे पट कोरलेले सापडतात. कुठं वाघबकरी, कुठं नवकंकरी, कुठं नुसत्याच ओळीत खोदलेल्या वाट्या. एका दुपारची करमणूक हवी असती तर कोळशानं रेघा ओढून भागलं असतं. दगडात पट कोरायला वेळ लागतो आणि हात दुखतात. ज्यानं तो कोरला, त्याला उद्याही तिथं यायचं होतं. आणि उद्या समोर कुणीतरी बसलेलं असणार, याची त्याला खात्री होती. त्या माणसाचं नाव आपल्यापर्यंत आलं नाही, पण त्याचा भरवसा दगडात शिल्लक आहे.

आता एक असा खेळ घेऊ, जो एके काळी राजवाड्यांपासून वाड्यांपर्यंत खेळला जात होता आणि आज काचेच्या चौकटीत जाऊन बसला आहे. गंजिफा. शब्द फारसी वळणाचा. बाबरानं आपल्या आत्मचरित्रात १५२७ सालची एक नोंद केली आहे. सिंधमधल्या शाह हसनला या पानांचा शौक होता, म्हणून त्यानं ती त्याच्याकडं पाठवून दिली. पुढं अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या पत्त्यांचं वर्णन केलं, बारा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं. पण हिंदुस्थानात जास्त चालला तो आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा जोड. त्या रंगांची नावं ऐका. ताज, शमशेर, गुलाम, चंग, बरात, किमाश, सुर्ख आणि सफेद. मुकुट, तलवार, चाकर, वाद्य, हुकूमनामा, कापडचोपड, सोन्याचं नाणं आणि चांदीचं नाणं. सगळा दरबारच हातात धरायचा.

हाच खेळ आपल्याकडं आला आणि त्यानं कपडे बदलले. दरबाराच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह अशा दहा रंगांची बारा-बारा पानं, एकूण एकशेवीस. ही दशावतारी गंजिफा. पानांवरची चित्रं बदलली, पण आतला हिशेब तोच राहिला. प्रत्येक रंगात एक राजा, त्याच्या खालोखाल वजीर आणि मग एक ते दहा. अर्ध्या रंगांत वजिराखाली दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. मुघल डावात दिवसा सुर्खाचा राजा ज्याच्या हाती त्याची पहिली उतारी, रात्री सफेदवाल्याची. दशावतारी डावात दिवसा रामवाल्याची, रात्री कृष्णवाल्याची. हा बदल करणाऱ्याला मी मनोमन सलाम करतो. सोन्याचं नाणं म्हणजे सूर्य आणि चांदीचं नाणं म्हणजे चंद्र. राम सूर्यवंशाचा आणि कृष्ण चंद्रवंशाचा! कुणी वाद घातला नाही, कुणी सभा घेतली नाही. खेळणाऱ्यांनी आपापसात एक भाषांतर करून टाकलं आणि डाव पुढं चालू राहिला.

गंजिफेत आपल्या पत्त्यांसारखा हुकूम नसतो. खरा कस स्मरणशक्तीचा. एकशेवीस पानांतली कोणती पडली आणि कोणती अजून कुणाच्या हातात आहेत, हे ध्यानात ठेवायचं. आणि हा प्रामुख्यानं तिघांचा खेळ. तिघंही एकमेकांच्या विरुद्ध. इथं जोडीदार नाही, पण तिघांपैकी एकही कमी झाला तर डाव नाही.

ही पानं गोल असतात. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, त्यावर खडूचा हात द्यायचा, घोटायचं, रंगवायचं, वर लाखेचा लेप. एका जोडाला कारागिराचे कितीतरी दिवस जात. मग युरोपातून आलेली छापील बावन्न पानं बाजारात मिळू लागली. स्वस्त, हलकी, शिकायला सोपी. संस्थानं गेली, आश्रय गेला. सावंतवाडीत ही चित्रकला संपायला आली असताना राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात चिताऱ्यांना राजवाड्यात बसवून ती पुन्हा उभी केली. आजही तिथं पानं रंगवली जातात. पर्यटक घेतात, भेट देतात, दिवाणखान्यात लावतात. कला वाचली, ही आनंदाचीच गोष्ट. पण ती पानं पिसून, वाटून, रात्रभर खेळणारे आज बोटांवर मोजावे लागतात. ओडिशात काही ठिकाणी म्हातारी माणसं अजून डाव मांडतात, एवढंच.

इतिहासकार याची कारणं देतात. छपाई, स्वस्ताई, राजाश्रय संपणं. ती खरीच आहेत. पण मी कविता लिहिणारा माणूस, मला या कारणांच्या मागं एक ओसरी दिसते. तिघं रोज बसायचे. एक वारला. राहिलेले दोघं काही दिवस पानं काढून बसले असतील, चौथ्या कुणाला तरी शिकवायचा प्रयत्न केला असेल. नव्या पोराला एकशेवीस पानं लक्षात ठेवायचा कंटाळा. मग एक दिवस पानांची पेटी माळ्यावर गेली. पानं शाबूत होती, नियम तोंडपाठ होते, वेळही भरपूर होता. नव्हता तो तिसरा भिडू. माझ्या मते खेळ असाच मरतो. पटावर काही कमी पडल्यामुळं तो क्वचितच मरतो. तो मरतो ओसरीवरची एक जागा रिकामी पडल्यामुळं.

मग बुद्धिबळ का टिकलं? त्यालाही राजाश्रय होता, त्याचीही मोहरी हातानं कोरलेली असत. शिवाय आपलं जुनं देशी बुद्धिबळ आजच्यापेक्षा वेगळं होतं. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरं चालता येत नसे. राजाला डावात एकदा घोड्याच्या चालीनं उडी मारता येई. प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची समजली जाई. वजिरानं राजा मारला तर त्यात काय मोठं! प्याद्यानं मारला पाहिजे. हे नियम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुठं ना कुठं चालू होते. म्हणजे जुन्या खेळाडूंना नवे नियम शिकावे लागले. तरीही ते खेळ सोडून गेले नाहीत.

याचं एक उत्तर सांगलीत सापडतं. १९४१ साली तिथं भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं. बुद्धिबळाचे भीष्माचार्य म्हणून ते पुढं ओळखले गेले. मंडळ म्हणजे काय? एक जागा, काही पट, आणि ठरलेल्या वेळेला तिथं कुणीतरी असणार याची हमी. दरवर्षी उन्हाळा आला की सांगलीत स्पर्धा भरायच्या आणि बाहेरगावची मुलं पिशवी घेऊन उतरायची. १९५५ साली एलुरूला देशातली पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं ते पद मुंबईच्या खाडिलकरांच्या घरातून बाहेर गेलंच नाही. वासंती, जयश्री, रोहिणी. तीन बहिणी, म्हणजे भिडू घरातच! आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमी इथं महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हंपीला हरवून. ओसरीपासून बाटुमीपर्यंत ही साखळी कुठं तुटली नाही, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी पट मांडून वाट बघत बसलं होतं.

बुद्धिबळाला आणखी एक सोय होती. त्याची खेळी लिहिता येते. घरांना नावं आहेत, त्यामुळं समोर माणूस नसला तरी चालतं. १८२४ ते १८२८ अशी चार वर्षं लंडन आणि एडिनबरो या दोन शहरांच्या मंडळांनी पत्रांतून सामना खेळला आणि एडिनबरोनं तो जिंकला. एक खेळी लिहायची, टपालात टाकायची, उत्तराची वाट बघायची. पुढं पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळणारे जगभर झाले. कार्डावर दोन-चार अक्षरं, बाकी कोरं. पोस्टमनला वाटावं, हा कोणता गुप्त संदेश! ज्याचं तोंड कधी बघितलं नाही अशा माणसाबरोबर एकेक डाव वर्षानुवर्षं चालायचा. लांबच्या, न दिसणाऱ्या भिडूची सवय माणसाला संगणकानं लावली नाही. ती टपाल खात्यानं लावली.

हे सगळं मनात जुळून आलं ते माझ्या भाच्यामुळं. तो हैदराबादला नोकरीला असतो. ईदला घरी आला होता. रात्री दीडच्या सुमारास पाहतो तर साहेब लॅपटॉप उघडून, कानाला यंत्र लावून बसलेले. पडद्यावर काळं आकाश आणि त्यात हलणारे ठिपके. मी म्हटलं, "अरे, झोपायचं नाही का?" तो मान न वळवता म्हणाला, "लोगां वाट देख रहे ना, मामू!" लोक वाट बघताहेत. युरोपातली संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. त्याच्या टोळीतलं कुणीतरी फिनलंडचं, कुणी पोलंडचं, आणि हा नायगावचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला तो खेळ समजावून द्यायला लावलं.

खेळाचं नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलंड नावाचा बर्फाळ देश, लोकसंख्या त्या वेळी पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या आजच्या लातूर शहराहूनही कमी. तिथं रेक्याविकमध्ये १९९७ साली सीसीपी नावाची कंपनी निघाली. अंतराळाचा खेळ बनवायचा तर पैसा हवा. तो उभा करायला त्यांनी आधी काय केलं असेल? पटावरचा, फासे टाकून खेळायचा एक खेळ काढला आणि आपल्याच देशात विकला! म्हणजे या तारांगणाच्या पायाशीसुद्धा एक साधा पट आहे. ६ मे २००३ रोजी ईव्ह सुरू झाला. विशीतली पोरं तेव्हा त्यात शिरली, ती आज चाळिशी ओलांडून गेली तरी त्यातली बरीच अजून तिथंच आहेत.

यात सात हजारांहून जास्त तारकामंडळं आहेत, आणि जगभरचे जवळजवळ सगळे खेळाडू एकाच आकाशात असतात. इतर खेळांत गर्दी झाली की जगाच्या वेगवेगळ्या प्रती काढतात. तुम्ही एका प्रतीत, मी दुसऱ्या. इथं तसं नाही. तुम्ही जे केलं ते सगळ्यांच्या जगात घडलं. दुसरी गोष्ट, इथं नुकसान खरं असतं. जहाज फुटलं की गेलं. पुन्हा खनिज खणा, माल वाहा, कारखान्यात नवं बांधा. तिसरी गोष्ट वेळेची. एखादं कसब शिकायला खऱ्या घड्याळाचे दिवस, आठवडे, महिने लागतात. तुम्ही झोपलात तरी शिक्षण चालू राहतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. पेरून ठेवलं की आपण झोपेत असतानाही पीक वाढत असतं, आणि म्हणूनच गाव सोडून जाणं जड जातं.

या जगात राज्यं, तह आणि युद्धं यांची रचना कंपनीनं करून दिलेली नाही. मैदान कंपनीचं, इतिहास खेळाडूंचा. २००९ साली एका बलाढ्य संघटनेतला एक पदाधिकारीच शत्रूला फितूर झाला आणि त्यानं आपल्या अधिकारात ती अख्खी संघटना कागदोपत्री विसर्जित करून टाकली. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारे आपल्या इतिहासात कमी नाहीत, त्यामुळं आपल्याला यात नवल वाटू नये. २७ जानेवारी २०१४ ला तर एका मंडळाचा ठरलेला हप्ता भरायचा राहिला. ताबा सुटला, शत्रू धावून आला आणि लढाई पेटली. सुमारे एकवीस तास चालली. साडेसात हजारांवर खेळाडू तीत उतरले. टायटन नावाची अवाढव्य जहाजं, एकेक बांधायला कितीतरी लोकांचे कष्ट, अशी पंचाहत्तर जहाजं फुटली. नुकसानीचा अंदाज खऱ्या पैशांत तीन लाख डॉलर्सच्या घरात गेला. एक हप्ता चुकल्यावर काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला वेगळं सांगायला नको!

एवढी गर्दी झाली की संगणकाला हिशेब झेपत नाही. त्यावर कंपनीनं काढलेला उपाय मला फार आवडला. त्या जागेपुरता काळच मंद करायचा, दहापट. दहा मिनिटं गेली तर आत एकच मिनिट जातं. माणसं तोफ डागतात आणि गोळा पोचेपर्यंत चहा करून आणतात. जिथं सगळे एकत्र जमतात तिथं वेळ सावकाश चालतो, ही गोष्ट पारावर बसणाऱ्यांना आधीपासून माहीत आहे.

पण या सगळ्यापेक्षा मला थांबवलं ते आणखी एका गोष्टीनं. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातल्या बेनगाझीमध्ये अमेरिकी दूतकचेरीवर हल्ला झाला. त्यात शॉन स्मिथ नावाचा कर्मचारी मारला गेला. हा माणूस ईव्हमधला नावाजलेला वाटाघाटी करणारा होता. बाहेरही वकिलात, आतही वकिली. बातमी कळताच खेळाडूंनी आकाशातल्या आपल्या अनेक ठाण्यांना त्याचं नाव दिलं. मित्रांनी दिलं आणि शत्रूंनीही दिलं. मोलिया नावाच्या मंडळात खेळाडूंनी स्वतः उभं केलेलं एक कब्रस्तान आहे. आणि कुणी खेळाडू खरोखर वारला की ठरलेल्या वेळी जागोजागची जहाजं आकाशात संकेताचे दिवे पेटवतात. नकाशावर एकामागून एक ठिणग्या उमटत जातात. ज्याला कुणी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी तारांगणात दीपमाळ लागते.

खेळाडू का टिकतात याचं उत्तर मला इथं मिळालं. जिंकण्यासाठी म्हणावं तर या खेळाला शेवटच नाही, जिंकणार काय? चित्रांसाठी म्हणावं तर याहून देखणे खेळ दरवर्षी निघतात. माणूस टिकतो, कारण तिथं तो आला नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं. त्याच्या गैरहजेरीला किंमत आहे. त्याचं हरणं, त्याची फितुरी, त्याचा शब्द हे सगळं कुणीतरी आठवणीत ठेवलेलं आहे. २०१४ साली रेक्याविकच्या बंदराजवळ एक शिल्प उभं राहिलं. त्यावर खेळाडूंची नावं कोरलेली आहेत. लेण्यातल्या फरशीवर पट कोरणाऱ्यानं आपलं नाव लिहिलं नव्हतं. इथं पट आकाशात आहे आणि नावं दगडात, एवढाच फरक.

अर्थात, मालकी कंपनीची. २०११ मध्ये तिनं खेळातल्या पात्रासाठी एका डोळ्याचा चष्मा खऱ्या चष्म्याहून महाग किमतीला विकायला काढला आणि पुढं पैशाच्या जोरावर बळही विकत मिळेल अशी शंका पसरली. खेळाडूंनी आतल्या बाजारपेठेत जमून एका पुतळ्यावर तोफा डागल्या. पुतळा फुटणारा नव्हता, पण कंपनी हलली. खेळाडूंनी निवडून दिलेली एक समिती आहे, तिला तातडीनं बोलावलं गेलं, आणि पुढं प्रमुखांनी माफीही मागितली. मैदान कुणाचंही असो, खेळ खेळणाऱ्यांचा असतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. उलट उदाहरणही आहे. स्टार वॉर्स गॅलॅक्सीज नावाचा खेळही २००३ सालचाच, पण १५ डिसेंबर २०११ ला तो मालकांनी बंद केला. तरी त्याच्या चाहत्यांनी स्वतः खपून, जुन्या आठवणींवरून, तो पुन्हा उभा केला आणि ते खेळत राहिले. गंजिफेत पानं राहिली आणि भिडू गेले. इथं पट गेला आणि भिडू राहिले, म्हणून पट परत आला.

आता तुम्ही म्हणाल, खेळाचं एवढं कौतुक करता, मग त्यात बुडालेल्या पोरांचं काय? प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या अतिरेकाची आपल्या आजारांच्या यादीत नोंद केली आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. झोप, शिक्षण, संसार यांवरून खेळ चालून जात असेल तर तो कितीही थोर असो, घरातून हाकललाच पाहिजे. आणि ऑनलाइन रमीपायी जमिनीचा तुकडा गेल्याच्या, बहिणीच्या लग्नाचा पैसा गेल्याच्या कहाण्या आमच्या भागात गावोगाव ऐकायला मिळाल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना वेगळं स्थान दिलं. कायद्यानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या, तशा आपणही केल्या पाहिजेत.

पैशाच्या रमीत समोर भिडू असतो का? पडद्यावर नावं सरकतात, पण त्यातल्या कुणाला तुमची ओळख नसते. तुम्ही हरून उठलात तर तुमची जागा क्षणात भरते. दुसऱ्या दिवशी तुमची वाट बघतं ते फक्त यंत्र, आणि तेही तुमच्या खिशाची. जुगारात माणूस माणसाला विसरतो. खेळात माणूस माणसाला लक्षात ठेवतो. द्यूतात धर्मराजानं भाऊ लावले, बायको लावली. पटावर माणसं पणाला लागली तेव्हाच तो खेळ राहिला नव्हता. नादाच्या दोन अर्थांतली सीमारेषा मला इथं दिसते. ज्या नादात दुसऱ्याची आठवण राहते ती उपासना, आणि ज्या नादात घरच्यांचीही राहत नाही ते व्यसन.

एक गोष्ट मात्र मोठ्यांना सांगितली पाहिजे. मुलगा रात्री कुणाशी खेळतो, हे आपण त्याला विचारत नाही. किती वेळ खेळला, एवढंच विचारतो. त्याच्या टोळीतल्या माणसांची नावं त्याला माहीत असतात. कुणाची आई आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, हेही माहीत असतं. आपल्या पारावर मात्र आज कोण आलं नाही, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. संध्याकाळी पत्ते पिसणारे चौघं होते, त्यांतला एक पुण्याला लेकाकडं गेला, एकाला दिसेनासं झालं, आणि डाव मोडला. कट्टा आहे, झाड आहे, पत्ते आहेत. पोरं आकाशात भिडू शोधायला गेली याचं वाईट वाटत असेल, तर जमिनीवरच्या या रिकाम्या जागांकडं आधी बघावं लागेल.

खेळ शिकवायला फार काही लागत नाही. एक पट, थोडा वेळ, आणि समोरच्याला हरू देण्याइतकी आणि त्याच्याकडून हरण्याइतकी उमेद. सांगलीत एका माणसानं मंडळ काढलं आणि पिढ्या घडल्या. प्रत्येकाला मंडळ काढता येणार नाही. पण कुठंतरी दोघं पानं वाटून तिसऱ्यासाठी खोळंबले असतील, तिथं जाऊन बसणं तर कुणालाही जमेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)